निर्यातीचे युरो नऊ दिवस कुठे अडकले? ब्लॉकचेनने हे खरंच सुटेल का?

द्राक्षवाला_दिंडोरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात माझी अकरा एकर द्राक्षबाग आहे. चार वर्षांपासून शेजारच्या पाच बागायतदारांना सोबत घेऊन आम्ही थेट नेदरलँड्सला माल पाठवतो. त्याआधी पिंपळगावच्या व्यापाऱ्याला द्यायचो. तिकडच्या खरेदीदाराशी ठरलंय ते असं: कंटेनर न्हावा शेव्याला जहाजावर चढला आणि कागदपत्रं पोचली की निम्मी रक्कम, उरलेली माल उतरून तपासणी झाल्यावर.

यंदाच्या पहिल्या कंटेनरची निम्मी रक्कम होती १४,२०० युरो. खरेदीदाराने बुधवारी दुपारी पैसे पाठवले आणि बँकेची पावती व्हॉट्सॲपवर टाकली. माझ्या खात्यात ते पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी आले. नऊ दिवस! शाखेत तीनदा गेलो, तिन्ही वेळा "अजून आले नाहीत" हेच उत्तर मिळालं. आले तेव्हा ४८ युरो कमी होते. ते कोणी कापले हे कोणालाच सांगता येईना.

आमच्याकडे काढणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या असतात. होळीला ती माणसं घरी जातात म्हणजे जातातच, आणि जाताना हिशेब चुकता करून द्यावा लागतो. वर्षातून एकदा त्यांच्या हातात एकरकमी पैसा पडतो, त्यावर त्यांचा सण असतो. यंदा मी अर्धे पैसे पतसंस्थेतून उचलून दिले. पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी आधी उचललेल्या बँकेच्या कर्जाचं, व्याज चालू होतं ते वेगळंच. व्याजाचं मला एवढं लागलं नाही. टोळीच्या मुकादमासमोर उभं राहून "बँकेत अडकलेत" असं सांगावं लागलं, ते फार लागलं.

भाचा इंजिनीअर आहे. तो म्हणतो, "मामा, ब्लॉकचेनवर हे दहा सेकंदांत होतं, तुमची बँकच जुनाट." यात तथ्य किती? माझं शिक्षण बारावीपर्यंत आहे, तेव्हा सोप्या शब्दांत सांगा. खरंच असं काही येणार असेल तर आम्ही सहा जण कशाची वाट बघायची, तेही सांगा.

---

कोथरूडचा_कोडर | सोमवार, रात्री १०:२५

दादा, भाचा बरोबर बोलतोय. खरेदीदाराला डॉलरचं स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं ब्लॉकचेनवरचं डिजिटल नाणं, पाठवायला सांगा. तुमच्या मोबाइलमध्ये वॉलेट उघडायचं आणि त्याने तिकडून टाकायचं. मिनिटाभरात येतं. शनिवार-रविवार नाही, मधली बँक नाही, खर्च काही रुपये. मी स्वतः मित्राला दुबईला पाठवून बघितलंय. बँका हे दहा वर्षांपूर्वीच करू शकल्या असत्या, पण कमिशन सोडवत नाही त्यांना.

---

रोजकीर्द | मंगळवार, सकाळी ७:१०

दादा, रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि सकाळी उठून पहिलं हेच काम करतेय. एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी बत्तीस वर्षं नोकरी केली, १९८४ ते २०१६. त्यातली अकरा वर्षं नोस्ट्रो जुळवणीच्या, म्हणजे परदेशी बँकेतल्या आमच्या खात्याचा हिशेब जुळवण्याच्या टेबलावर गेली. तुमचे नऊ दिवस कुठे गेले असतील याचा मला अंदाज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कोथरूडच्या मुलाने सांगितलंय त्याबद्दल, कारण ते ऐकून कोणी तसं केलं तर नुकसान होईल. दादा, हे करू नका. निर्यातीचे पैसे अधिकृत विक्रेता, म्हणजे परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेमार्फतच यायला हवेत, फेमा या परकीय चलन कायद्याचा तसा नियम आहे. तुमच्या प्रत्येक शिपिंग बिलाची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत उघडी असते. बँकेतून पैसे आले की ती बंद होते आणि मग ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र निघतं. वॉलेटमध्ये कॉइन आलं तर ती नोंद उघडीच राहते. म्हणजे सरकारच्या लेखी तुम्ही माल पाठवला आणि पैसे आणलेच नाहीत. पुढच्या कंटेनरच्या वेळी बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही. शिवाय कॉइन विकताना एक टक्का टीडीएस आणि नफ्यावर तीस टक्के कर आहेच.

आणि "डॉलरइतकंच पक्कं" असं जे सांगितलं जातं, त्याचंही एक उदाहरण लक्षात ठेवा. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. यूएसडीसी या नावाजलेल्या स्टेबलकॉइनच्या तारणापैकी ३.३ अब्ज डॉलर तिच्यात होते. त्या शनिवारी एका कॉइनची किंमत ९० सेंटच्याही खाली गेली. सरकारने ठेवीदारांना हमी दिल्यावर भाव सावरला, पण त्या दोन दिवसांत तुमच्या टोळीचे पैसे त्यात असते तर?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

युरो नेदरलँड्सहून उठून दिंडोरीला येत नाहीत. तुमच्या बँकेचं स्वतःचं युरो खातं युरोपातल्या एखाद्या बँकेत असतं, पुष्कळदा फ्रँकफर्टला. त्याला नोस्ट्रो म्हणतात. डच बँक त्या खात्यात युरो भरते आणि तसा निरोप इकडे पाठवते. त्या निरोपावर विसंबून तुमची बँक इथले रुपये तुमच्या खात्यात टाकते. स्विफ्ट म्हणतात ती या निरोपांची व्यवस्था. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून ती बेल्जियममध्ये उभी केली, आज अकरा हजारांवर संस्था तिच्यावर आहेत. तिच्यातून पैसा जात नाही, फक्त शब्द जातात.

आपल्या पणजोबांच्या पिढीला हे वेगळं समजवावं लागलं नसतं. दर्शनी हुंडी हीच. इथल्या पेढीने पैसे घेऊन हुंडी लिहायची, दूरच्या पेढीने ती बघून पैसे द्यायचे, आणि दोघांनी आपापल्या खतावणीत एकमेकांचं खातं मांडून ठेवायचं. कधीतरी बसून ताळा घालायचा. सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे, कारण वह्या दोन आहेत.

माझं अकरा वर्षांचं काम म्हणजे हा ताळा. आमच्या नोस्ट्रोचं आम्ही इथे एक प्रतिबिंब खातं ठेवायचो, मिरर अकाउंट. तिकडची बँक तिचं विवरण पाठवायची. सुरुवातीच्या वर्षांत ते विमानाच्या टपालाने आठ-दहा दिवसांनी यायचं. मग एकीने आकडा वाचायचा, दुसरीने खूण करायची. ज्या नोंदी जुळत नाहीत त्यांचे चार ढीग: आम्ही नावे टाकलं पण त्यांनी जमा दाखवलं नाही, आम्ही जमा दाखवलं पण त्यांनी नावे टाकलं नाही, आणि उलट बाजूने तसेच दोन. पंचवीस डॉलरचा फरक शोधायला दोन-दोन दिवस गेलेले मला आठवतात. टेलेक्सच्या काळात तर निरोप खरा की खोटा हे तपासायला रक्कम, चलन आणि तारीख यांवरून आकडेमोड करून सांकेतिक अंक काढावा लागे. ते कोष्टकांचं पुस्तक कुलपात असायचं.

नंतर संगणक आले, विवरण रोज यायला लागलं, यंत्रच ऐंशी-नव्वद टक्के नोंदी जुळवायला लागलं. पण वह्या दोनच राहिल्या. उरलेल्या दहा टक्क्यांत माणसं अडकतात, आणि यंदा त्यात तुम्ही अडकलात.

एक प्रसंग मी विसरू शकलेले नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोकणातला एक खलाशी परदेशी जहाजावर वारला. कंपनीने त्याच्या बायकोच्या नावे साडेसात हजार डॉलर पाठवले. निरोपात तिचं नाव इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिलेलं, खात्यावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि शाखेचं नाव अर्धवट. पैसे आमच्या नोस्ट्रोत पहिल्याच दिवशी आले होते. आमच्याकडे ते सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाचे ते न ठरलेल्या पैशांच्या खात्यात, पाच महिने पडून राहिले. त्या पाच महिन्यांत ती बाई शाखेत किती वेळा आली असेल आणि तिला किती वेळा "अजून आले नाहीत" सांगितलं गेलं असेल! जुन्या उघड्या नोंदी चाळताना ती माझ्या हाती लागली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. तुमच्या पोस्टमध्ये तेच तीन शब्द वाचले म्हणून एवढं लिहितेय.

आता ब्लॉकचेन, किंवा बँकवाले म्हणतात ती वितरित खातेवही. तिच्याकडून जी आशा आहे ती एका वाक्यात अशी: दोन वह्यांऐवजी एकच वही, जिची तंतोतंत प्रत प्रत्येक सहभागी बँकेकडे आहे, आणि तिच्यात ओळ लिहायची तर सगळ्यांच्या नियमांना उतरूनच लिहिली जाते. निरोप वेगळा आणि पैसा वेगळा असा प्रकार उरत नाही. वहीत ओळ पडली की पैसा गेला. मग जुळवायला काही नाही. माझं टेबलच जातं, आणि ते जावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी आशा त्याहून मोठी आहे. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतल्या कलोनची हेरश्टाट बँक सरकारने बंद केली. तेव्हा जर्मनीत दिवस संपला होता आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळच होती. ज्यांनी तिला मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन, देऊन टाकले होते त्यांना बदल्यातले डॉलर मिळालेच नाहीत. एक पाय पलीकडे पडला, दुसरा हवेतच. चलनबदलातली ही जोखीम आजही त्याच बँकेच्या नावाने ओळखली जाते. तिच्यावर उपाय म्हणून २००२ पासून सीएलएस ही व्यवस्था चालते, पण तिच्यात मोजकी अठरा चलनं आहेत आणि आपला रुपया त्यांत नाही. सामायिक वहीत युरो आणि रुपया दोन्ही असतील तर व्यवहार असा बांधता येतो की दोन्ही ओळी एकदम पडतील, नाहीतर एकही पडणार नाही. शिवाय आज बँकांना जगभरच्या नोस्ट्रोंत पैसा नुसता पाडून ठेवावा लागतो, तोही मोकळा होतो. त्या पडून राहिलेल्या पैशाचा खर्च शेवटी तुमच्या दरातूनच वसूल होतो.

पण दादा, तुमचे नऊ दिवस यामुळे वाचले असते का? बहुतेक नाही, आणि हे स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. स्विफ्टच्या आकडेवारीवर बीआयएसने, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेने केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. निम्मी पेमेंट दोन तासांच्या आत पोचतात. वेगवान मार्गांवर पाच मिनिटंही लागत नाहीत, संथ मार्गांवर दोन दिवसांहून जास्त लागतात, आणि वेळ मोडतो तो मुख्यतः शेवटच्या बँकेत. जिथे परकीय चलनावर निर्बंध आहेत तिथे तर विशेष. म्हणजे आपल्याकडे. पैसे कशासाठी आले त्याचा पर्पज कोड, नाव जुळतंय का, निर्बंधांच्या यादीत कोणाचं नाव आहे का, कोणत्या शिपिंग बिलाला लावायचे, हे सगळं माणूस बघतो. वही कितीही आधुनिक असली तरी टेबलावरचा माणूस रजेवर असेल तर फाइल पडूनच राहते.

तेव्हा आज एक करा. खरेदीदाराला विचारा की त्याच्या बँकेकडून या पेमेंटचा यूईटीआर मिळेल का. तो ३६ चिन्हांचा क्रमांक असतो, कुरिअरच्या ट्रॅकिंग नंबरसारखा. २०१८ च्या सुमारापासून स्विफ्टवरच्या प्रत्येक पेमेंटला तो असतो. तो घेऊन शाखेत जा. पैसे आलेत का असं विचारू नका, "हा क्रमांक ट्रॅकरवर टाकून प्रत्येक टप्प्याची वेळ दाखवा" असं म्हणा. कोणी किती कापलं तेही तिथेच दिसतं.

---

मुक्काम_सिंगापूर | मंगळवार, दुपारी १:०५

रोजकीर्द ताईंनी जे लिहिलंय ते आमच्या ऑफिसात नव्या मुलांना वाचायला द्यावं असं आहे. मी इथे एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागात आहे, आणि अशा सामायिक वहीच्या एका चाचणीत दोन वर्षं काम केलंय. त्यातलं थोडं सांगतो.

तंत्र चालतं, यात आता शंका राहिलेली नाही. २०१९ मध्येच कॅनडा आणि सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकांनी दोन वेगवेगळ्या वह्यांमध्ये कुलूपबंद पद्धतीने व्यवहार करून दाखवला होता: दोन्ही पेट्यांना एकच किल्ली लागते आणि वेळेत किल्ली लागली नाही तर पैसे आपोआप परत. मग एमब्रिज हा सामायिक वहीचा प्रकल्प आला. त्यात हाँगकाँग, थायलंड, चीन आणि संयुक्त अरब अमिराती होते. २०२२ मध्ये सहा आठवडे वीस बँकांनी खऱ्या ग्राहकांचे खरे पैसे त्यावर पाठवले. १६४ व्यवहार, २.२ कोटी डॉलर. आकडा लहान आहे, पण खऱ्या पैशांचा आहे.

पुढे काय झालं तेही बघा. २०२४ मध्ये सौदी अरेबियाही त्यात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीआयएस त्यातून बाहेर पडली. प्रकल्प सहभागी देशांकडे सोपवायच्या टप्प्याला आलाय, असं तिने सांगितलं. पण डॉलरला आणि अमेरिकी निर्बंधांना वळसा घालायची ही वाट होईल का, ही चर्चा तेव्हा जोरात होती. एकच वही म्हटली की ती कोणाच्या घरात ठेवायची हा प्रश्न येतोच. दुसऱ्या बाजूला एप्रिल २०२४ मध्ये आगोरा प्रकल्प जाहीर झाला. त्यात न्यूयॉर्क फेड, बँक ऑफ इंग्लंड, युरोपच्या वतीने फ्रान्स, शिवाय जपान, कोरिया, मेक्सिको आणि स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँका. सोबत चाळीसवर खासगी संस्था. बँकांच्या ठेवी आणि मध्यवर्ती बँकेचा पैसा एकाच वहीवर आणायचा आणि तपासण्या पैसा हलण्याआधीच उरकायच्या, अशी कल्पना. मला ही दिशा जास्त पटते. रुपया मात्र त्यातही नाही.

आमच्या चाचणीत वेळ कोडमध्ये कमी गेला. ग्राहकांचे व्यवहार स्पर्धक बँकेला दिसू नयेत, पण वही तर सगळ्यांकडे आहे, मग काय झाकायचं आणि कोणाला उघडायचं? चुकून शून्य जास्त पडलं तर ओळ खोडायची कोणी? मध्यरात्री एका देशाच्या कायद्याने पेमेंट पक्कं झालं आणि दुसऱ्या देशाच्या दिवाळखोरी कायद्याने ते मागे घेता येत असेल तर? या बैठकांना वकील जास्त असायचे आणि आम्ही कमी.

एक गोष्ट भाच्यालाही सांगा. माझी आई साताऱ्याला असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय आणि इथलं तसंच असलेलं पेनाऊ जोडलं गेलं. मी फोनवरून तिला पैसे पाठवतो, आणि आमचं बोलणं चालू असतानाच तिच्या मोबाइलवर मेसेज वाजतो. दिवसाला हजार सिंगापूर डॉलरची मर्यादा आहे, पण मिनिटभरसुद्धा लागत नाही. त्यात ब्लॉकचेन अजिबात नाही. दोन देशांनी बसून नियम जुळवले, एवढंच. आता नेक्सस नावाने मलेशिया, फिलिपिन्स, थायलंड, सिंगापूर आणि भारत हीच जोडणी एकत्र करतायत.

---

कोथरूडचा_कोडर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

ताई, ईडीपीएमएस वगैरे मला माहीत नव्हतं. दादा, माझा सल्ला मागे घेतो, माफ करा. पण एक विचारतो. नियम पाळून बँकांनीच ब्लॉकचेन वापरायला काय हरकत आहे? गुजरातच्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात तसं काही चाललंय असं वाचलं होतं.

---

रोजकीर्द | मंगळवार, रात्री ८:५०

माफी कशाला मागतोस बाळ, विचारलंस हे चांगलंच. बरोबर वाचलंयस. २०२३ मध्ये जेपी मॉर्गनने गिफ्ट सिटीतल्या भारतीय खासगी बँकांच्या शाखांबरोबर डॉलर एकमेकांना देण्याचा प्रयोग सुरू केला, स्वतःच्या ब्लॉकचेनवर. त्यात शनिवार-रविवारीही डॉलर हलतात, न्यूयॉर्क उघडायची वाट बघावी लागत नाही. निर्यातदारांना याचा फायदा होऊ शकतो. फक्त एवढं बघ की ती वही एका बँकेच्या घरातली आहे. दोघांचीही खाती तिथेच असली तर सोपं जातं, पलीकडच्याचं खातं दुसरीकडे असलं की पुन्हा जुना रस्ता. स्विफ्टनेही सप्टेंबर २०२५ मध्ये तीसहून जास्त बँकांना घेऊन स्वतःची सामायिक वही बांधायची घोषणा केली. मला सगळ्यात जास्त उत्सुकता तिचीच आहे, कारण अकरा हजार संस्था आधीच तिच्या ओसरीवर बसलेल्या आहेत.

आपल्या रिझर्व्ह बँकेचा घाऊक ई-रुपया, म्हणजे बँकांनी आपसात वापरायचा डिजिटल रुपया, नोव्हेंबर २०२२ पासून चाचणीत आहे, सरकारी रोख्यांच्या व्यवहारासाठी. तो उद्या एखाद्या परदेशी वहीला जोडला गेला तर दिंडोरीच्या दादांपर्यंत काहीतरी पोचेल. तोवर मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेला मसुदा. परदेशातून येणारी रक्कम शेवटच्या बँकेत रखडते हे त्यात सरळ मान्य केलंय. नोस्ट्रोची जुळवणी दिवसअखेरच्या विवरणावर न ठेवता दिवसभर थोड्या थोड्या वेळाने करा आणि निरोप येताच ग्राहकाला कळवा, असं त्यात म्हटलंय. तो वाचताना मला आमचं टेबल आणि त्या चार ढिगांची आठवण झाली.

---

द्राक्षवाला_दिंडोरी | शुक्रवार, रात्री ९:१५

ताई, तुमचं लिहिणं मी आमच्या सहाही जणांना वाचून दाखवलं.

खरेदीदाराकडून यूईटीआर मिळाला. आज तो घेऊन शाखेत गेलो. आधी "आम्हाला दिसत नाही" म्हणाले. मी तुमचंच वाक्य म्हणालो, "प्रत्येक टप्प्याची वेळ दाखवा." मग त्यांनी मुंबईच्या कार्यालयाला फोन लावला आणि तासाभराने छापील कागद आला. तो इथे उतरवतो.

डच बँकेतून निघाले: बुधवार दुपारी २:३१, तिकडची वेळ. मध्ये एक बँक, तिने १८ युरो कापले. आमच्या बँकेच्या फ्रँकफर्टच्या खात्यात जमा: बुधवार दुपारी ३:१२, तिथे आणखी ३० युरो. म्हणजे एक्केचाळीस मिनिटं!

पुढचे नऊ दिवस आमच्याच बँकेत. खात्यावर आमच्या फर्मचं नाव "एक्सपोर्ट्स" आहे, खरेदीदाराने "एक्सपोर्ट" लिहिलं. एका अक्षरासाठी शाखेकडे विचारणा आली, ती ज्या साहेबांच्या ईमेलवर आली ते रजेवर होते. आल्यावर त्यांनी पर्पज कोड विचारायला माझ्या जुन्या नंबरवर फोन केला, तो आता बंद आहे. मी त्या दिवसांत तीनदा त्यांच्याच काउंटरवर उभा होतो.

भाच्याला कागद दाखवला. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मामा, हे तर माणसांतच अडकलंय."

दुसरा कंटेनर परवा निघतोय. आता काय काळजी घेऊ?

---

रोजकीर्द | शनिवार, सकाळी ६:४५

एक्केचाळीस मिनिटं. कागद मागून घेतलात, फार चांगलं केलंत. जपून ठेवा.

आता असं करा. बँकेत जसं नाव आहे तसंच, अक्षर न् अक्षर, खरेदीदाराला पत्राने कळवा. इनव्हॉइसवरही तेच छापा, आणि त्याच्या बँकेतला तुमचा जुना तपशील त्याला काढून टाकायला सांगा. तुमच्या पाचही साथीदारांच्या कागदांवर फर्मचं नाव तपासा, कुठेतरी अजून चुकीचं असणारच.

शाखेला लेखी कायम सूचना द्या: आमच्या नावे येणारी युरो रक्कम आली त्याच दिवशी रुपयांत बदलून चालू खात्यात जमा करावी. निम्मी रक्कम कागदपत्रं पाठवल्यावर येते तिचा पर्पज कोड कोणता, माल निघण्याआधी आगाऊ आली तर कोणता, हे अधिकाऱ्यासमोर बसून ठरवा आणि त्याच पत्रात घाला. सोबत शिपिंग बिलाचा क्रमांक आणि नवा मोबाइल नंबर. एक प्रत शाखेत, एक मुंबईच्या कार्यालयात, दोन्हींवर पोच घ्या.

४८ युरोचं म्हणाल तर खर्च कोणी सोसायचा हे पाठवणारा ठरवतो. आत्ता तुमच्या पेमेंटवर दोघांनी वाटून घ्यायचं असं असणार. सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे, असा पर्याय डच बँकेच्या अर्जात असतो, त्याला ओयूआर म्हणतात. त्याबद्दल खरेदीदाराशी बोला. कंटेनरला दोन पेमेंट धरली तर हंगामाला रक्कम थोडी नाही.

आणि कागदावरच्या तारखा लावून शाखेकडे लेखी तक्रार करा. रागाने नको, नुसत्या वेळा लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. पतसंस्थेला दिलेलं त्या दिवसांचं व्याज त्यात जरूर मांडा.

दुसऱ्या कंटेनरचे पैसे निघाले की यूईटीआर त्याच दिवशी मागा आणि इथे दोन वेळा टाका: फ्रँकफर्टला जमा झाल्याची आणि तुमच्या खात्यात आल्याची. मी बघते.